हिरड्यांतून येणारे रक्त : एका उपेक्षित रोगाचा इतिहास

१/
पश्चिम जर्मनीतील डालहाइम येथे मध्ययुगात स्त्रियांचा एक लहानसा मठ होता. तेथील दफनभूमीतील एका स्त्रीच्या दातांवरच्या किटणात संशोधकांना निळे सूक्ष्म कण आढळले. ते अफगाणिस्तानातून येणाऱ्या आणि सोन्याच्या तोलामोलाच्या लॅपिस लाझुली दगडाच्या रंगाचे होते. हस्तलिखिते रंगवताना कुंचल्याचे टोक ओठांनी टोकदार करण्याच्या सवयीतून ते तिच्या दातांवर बसले असावेत, असा निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाला. सुमारे नऊशे ते हजार वर्षांपूर्वीची एक अनाम चित्रकर्ती अशा रीतीने इतिहासात आली, आणि ती आली दातांवरच्या किटणामुळे.

२/
याच डालहाइममधील इतर सांगाड्यांच्या किटणाचा अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला होता. त्यात आज हिरड्यांच्या रोगाशी जोडल्या जाणाऱ्या जिवाणूंचे अवशेष मिळाले. म्हणजे साखरेचे कारखाने, पांढरा पाव आणि शीतपेये येण्याच्या कितीतरी आधी हे जिवाणू माणसाच्या तोंडात ठाण मांडून होते. हा रोग आधुनिक जीवनशैलीने जन्माला घातलेला नाही. त्याचे खरे कारण कळायला मात्र १९६५ साल उजाडावे लागले. तोपर्यंत काय घडले, त्याची ही कथा.

३/
कथेआधी रोगाचे स्वरूप समजून घेणे आवश्यक आहे. दात आणि हिरडी यांच्यामध्ये एक अरुंद खाच असते. निरोगी तोंडात तिची खोली सुमारे १ ते ३ मिलिमीटर असते. दातांवर सतत जिवाणूंचा चिकट थर साचतो. त्याला प्लाक म्हणतात. तो वेळीच निघाला नाही, तर लाळेतील खनिजे त्यात मुरतात आणि काही दिवसांतच त्याचे कठीण किटण होऊ लागते. किटणाच्या खडबडीत पृष्ठावर नवा थर अधिक सहज साचतो.

४/
या जिवाणूंविरुद्ध शरीर लढा उभारते. हिरड्या लाल होतात, सुजतात, घासताना रक्त येते. हा पहिला टप्पा पूर्णपणे बरा होऊ शकतो. काही जणांत मात्र दाह खोलवर उतरतो. खाचेचा कप्पा होतो, आणि दात धरून ठेवणारे तंतू व जबड्याचे हाड झिजू लागते. हा नाश केवळ जिवाणू करीत नाहीत. त्यांच्याशी लढणारी शरीराची स्वतःची यंत्रणाही करते. गेलेले हाड बहुतांशी परत येत नाही. हा सारा प्रवास सहसा वेदनेशिवाय होतो, आणि तीच त्याची सर्वांत घातक बाजू.

५/
प्राचीन वैद्यांनी ही लक्षणे बारकाईने टिपली होती. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानाचा सोळावा अध्याय मुखरोगांना वाहिलेला आहे. त्यात एकूण ६५ मुखरोग सांगितले असून त्यांपैकी १५ दातांच्या मुळांचे, म्हणजे हिरड्यांचे आहेत. ‘शीताद’ या रोगात हिरड्यांतून अकस्मात रक्त येते. त्या काळपट, मऊ, ओलसर होतात आणि गळून पडू लागतात. ‘दंतवेष्ट’ रोगात पू व रक्त वाहते आणि दात हलू लागतात. ‘उपकुश’ रोगात दाह होतो, हिरड्या पिकतात, किंचित घासले तरी रक्त येते आणि तोंडाला दुर्गंधी सुटते.

६/
आजच्या दंतवैद्याने रुग्णाच्या कागदावर लिहिलेल्या नोंदी यापेक्षा फारशा वेगळ्या नसतात. कारणमीमांसा मात्र त्या काळच्या चौकटीतली होती: कफ, पित्त आणि रक्त यांचा प्रकोप. उपचारही त्याला अनुसरून होते. शीतादात आधी रक्त काढावे आणि मग सुंठ, मोहरी, त्रिफळा, नागरमोथा यांच्या काढ्याने गुळण्या कराव्यात, असे विधान आहे. उपकुशात खरखरीत पानांनी हिरडी घासून दूषित रक्त वाहू द्यावे, असे सांगितले आहे.

७/
या साऱ्यांत एक उपचार वेगळा उठून दिसतो. सुश्रुताने दातांवर साचणाऱ्या कठीण थराला ‘दंतशर्करा’ असे नाव दिले. तो काढताना दातांच्या मुळांना इजा होऊ देऊ नये, असा स्पष्ट इशारा दिला आणि त्यानंतर मधात कालवलेले लाखेचे चूर्ण चोळण्यास सांगितले. शस्त्रांच्या यादीत ‘दंतशंकु’ नावाचे हत्यारही आहे. दंतधावनासाठी बारा अंगुळे लांब आणि करंगळीइतकी जाड काडी घ्यावी. कडू चवीत कडुनिंब, तुरटात खैर, गोडात मोह आणि तिखटात करंज श्रेष्ठ, असा तपशील चिकित्सास्थानात येतो. कारण दोषांत शोधले गेले, पण हात मात्र नेमके किटणापाशी पोहोचले होते.

८/
अशीच नजर सुमारे हजार वर्षांपूर्वी स्पेनमधील कॉर्डोबा येथे दिसते. अबुल कासिम अल-झहरावी या शल्यविशारदाने ‘किताब अल-तसरीफ’ हा तीस भागांचा वैद्यकीय ग्रंथ रचला. त्याच्या अखेरच्या, शस्त्रक्रियेवरील भागात त्याने लिहिले आहे की, दातांच्या आतबाहेर आणि हिरड्यांखाली काळे, हिरवे वा पिवळे खडबडीत थर बसतात आणि त्यांमुळे हिरड्या बिघडतात. उपाय म्हणून त्याने चौदा निरनिराळ्या खरवडण्या दिल्या. एका बैठकीत काम पुरे झाले नाही, तर दुसऱ्या, तिसऱ्या दिवशी पुन्हा खरवडावे, असेही त्याने बजावले.

९/
चौदा हत्यारांची आवश्यकता का होती? तोंडातील प्रत्येक दाताची प्रत्येक बाजू वेगळ्या कोनातून गाठावी लागते. आतल्या बाजूचे हत्यार बाहेरून चालत नाही; दोन दातांमधल्या फटीसाठी आणखी निराळे लागते. आजही दंतवैद्याच्या तबकात वेगवेगळ्या वळणांच्या खरवडण्या असतात, त्यामागचे कारण हेच. बाराव्या शतकात क्रेमोनाच्या जेरार्डने टोलेडो येथे या भागाचे लॅटिन भाषांतर केले आणि अल-झहरावीची हत्यारे युरोपच्या शल्यविशारदांपर्यंत गेली.

१०/
१७ सप्टेंबर १६८३. हॉलंडमधील डेल्फ्ट शहरातून कापडाचा एक व्यापारी लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहितो. त्याचे नाव आंतोनी फान लेव्हेनहूक. तो रोज मिठाने दात घासतो आणि कापडाने पुसतो, तरीही दाढांच्या फटींत कणकेसारखा पांढरट पदार्थ उरतो, असे त्याने लिहिले. तो पदार्थ पाण्यात कालवून त्याने स्वतः घडवलेल्या भिंगाखाली धरला. त्यात असंख्य सूक्ष्म जीव हालचाल करीत होते. आयुष्यात कधीही दात न घासलेल्या एका वृद्धाच्या तोंडातील नमुनाही त्याने तपासला, आणि तिथे तर जिवांची जत्राच भरली होती.

११/
लेव्हेनहूकने याहून महत्त्वाची एक गोष्ट नोंदवली. व्हिनेगरने हे जीव मरत होते. पण दातांवरच्या थरावर व्हिनेगर ओतले, तर केवळ वरवरचे जीव मरत, आतले सुखरूप राहत. जिवाणूंचा थर ही एक तटबंदी असून नुसत्या द्रवाने ती फुटत नाही, हे आज सूक्ष्मजीवशास्त्राचे प्राथमिक सूत्र आहे. चूळ भरण्याने घासण्याचे काम होत नाही, ते याच कारणामुळे. परंतु या जिवांचा आणि रोगाचा संबंध असेल, हा विचार त्या काळी कोणाच्या मनाला शिवला नाही. पुढे जवळजवळ दोन शतके ते केवळ कुतूहलाचा विषय राहिले.

१२/
अठराव्या शतकात एका वेगळ्या रोगाने गोंधळात भर घातली. लांबच्या सागरी प्रवासात खलाशांच्या हिरड्या सुजत, सडत, त्यांतून रक्त वाहे. हा स्कर्व्ही. १७४७ साली ‘सॅलिसबरी’ या ब्रिटिश युद्धनौकेवर जेम्स लिंड याने बारा रुग्ण निवडून त्यांना दोन-दोनच्या जोड्यांत सहा वेगवेगळे उपचार दिले. संत्री आणि लिंबे मिळालेली जोडी झपाट्याने सुधारली. १७९५ पासून ब्रिटिश नौदलात लिंबाचा रस नियमाने दिला जाऊ लागला. ‘क’ जीवनसत्त्वाचा शोध तर विसाव्या शतकातला.

१३/
पण जमिनीवर राहणाऱ्या, ताजी फळे खाणाऱ्या माणसांच्याही हिरड्यांतून रक्त येतच होते. पॅरिसचा प्येर फोशार याने १७२८ साली दंतशल्यचिकित्सेवर दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला. आधुनिक दंतवैद्यकाचा तो पाया मानला जातो. पुढल्या आवृत्तीत त्याने हिरड्यांच्या या रोगाचे वर्णन केले आणि त्याला स्कर्व्हीचाच एक प्रकार मानले, मात्र केवळ तोंडापुरता मर्यादित. नाव चुकले होते, पण निरीक्षण अचूक होते: शरीर धडधाकट असतानाही हिरड्या स्वतंत्रपणे रोगी होऊ शकतात. दात किडे पोखरतात, ही हजारो वर्षांची समजूतही फोशारने नाकारली.

१४/
११ डिसेंबर १८४४. अमेरिकेतील हार्टफर्ड शहर. होरेस वेल्स नावाच्या दंतवैद्याने नायट्रस ऑक्साइड हुंगून स्वतःचा दात काढून घेतला आणि त्याला वेदना झाली नाही. भूलशास्त्राच्या इतिहासातील हा गाजलेला क्षण. तो दात काढणारा हात जॉन मँकी रिग्ज याचा होता. भुलेच्या श्रेयावरून पुढे मोठे वाद झाले. रिग्ज मात्र दुसऱ्याच कामाकडे वळला. दात काढण्यापेक्षा दात वाचवणे हे त्याने आपल्या व्यवसायाचे ध्येय केले.

१५/
त्या काळी हलणारे दात म्हणजे काढायचे दात, किंवा सुजलेली हिरडी कापून टाकायची, असा प्रघात होता. रिग्जने दोन्ही नाकारले. हिरडीखाली, मुळाच्या पृष्ठावर बसलेले किटण हेच मूळ आहे. ते चिकाटीने खरवडले, पृष्ठ गुळगुळीत केले आणि पुढे स्वच्छता राखली तर हिरडी बरी होते, असे त्याने दाखवले. १८७० च्या दशकात त्याने आपली मते लेखांतून मांडली. अमेरिकेत या रोगाला ‘रिग्जचा रोग’ म्हटले जाऊ लागले. अल-झहरावीच्या खरवडण्यांना सुमारे नऊ शतकांनी पक्का पुरस्कर्ता मिळाला होता.

१६/
मग जिवाणूंचे युग आले. बर्लिनमध्ये काम करणाऱ्या विलोबी मिलर या अमेरिकी दंतवैद्याने तोंडातील सूक्ष्मजीवांवरचा आपला ग्रंथ १८९० साली इंग्रजीत प्रसिद्ध केला. त्याच दशकात क्ष-किरण हाती आले. १८९६ साली जर्मनीत ओटो वाल्कहोफ याने दातांचे पहिले क्ष-किरण चित्र घेतले, त्यासाठी २५ मिनिटे निश्चल बसावे लागले. डोळ्यांना न दिसणारी हाडाची झीज आता दिसू लागली. जिवाणूही सापडले होते आणि हाडही दिसत होते. रोगाचे कोडे सुटायला आता उशीर लागू नये, असेच कोणालाही वाटले असते.

१७/
पण नेमक्या याच वळणावर इतिहास भरकटला. विल्यम हंटर या ब्रिटिश वैद्याने १९१० साली कॅनडातील मॅकगिल विद्यापीठात भाषण केले. सडक्या मुळांवर सोन्याच्या टोप्या चढवणाऱ्या दंतवैद्यांवर त्याने कोरडे ओढले आणि तोंडातील पू सर्व शरीरभर रोग पसरवतो, असे बजावले. शिकागोच्या फ्रँक बिलिंग्जने हाच विचार पुढे नेला. सांधेदुखी, हृदयविकार, मूत्रपिंडाचे आजार, एवढेच काय, मनोविकारसुद्धा दातांच्या मुळाशी लपलेल्या जंतूंमुळे होतात, असे मानले जाऊ लागले.

१८/
परिणाम भयंकर झाला. दात वाचवण्याचे रिग्जचे ध्येय मागे पडले. अमेरिका आणि ब्रिटनमध्ये असंख्य रुग्णांचे दात, प्रसंगी निरोगी दातही, ‘खबरदारी’ म्हणून उपटले गेले. टोकाचे उदाहरण न्यू जर्सीतील ट्रेंटनच्या मनोरुग्णालयाचे. तेथील प्रमुख हेन्री कॉटन वेडाचे मूळ जंतुसंसर्गात शोधत असे. रुग्णांचे दात काढूनही ते सुधारले नाहीत, तर तो टॉन्सिल आणि पुढे मोठ्या आतड्याचा भाग काढी. आतड्याच्या शस्त्रक्रियेत मरणाऱ्यांचे प्रमाण त्याच्या स्वतःच्या सांगण्यानुसारही सुमारे ३० टक्के होते.

१९/
कॉटन ८५ टक्के रुग्ण बरे होतात असा दावा करी. १९२० च्या दशकाच्या मध्यास फिलिस ग्रीनएकर या तरुण मनोविकारतज्ज्ञ स्त्रीने त्याच्या रुग्णांचा छडा लावला आणि तो दावा पोकळ असल्याचे तिला आढळले. परंतु तिचा अहवाल वरिष्ठांनी प्रसिद्ध होऊ दिला नाही. दात काढणे चालूच राहिले. अखेर १९३८ साली सेसिल आणि अँजेव्हाइन यांनी आमवाताच्या २०० रुग्णांचा अभ्यास मांडला: दात व टॉन्सिल काढून सांधे सुधारत नव्हते. गंमत अशी की, हा अभ्यास मांडणारा सेसिल पूर्वी याच सिद्धांताचा पुरस्कर्ता होता.

२०/
भरकटण्याची दुसरी वाट अमीबाची. १९१४ च्या सुमारास अमेरिकेत काही संशोधकांना पायोरियाच्या पुवात अमीबा सापडला आणि रोगाचा गुन्हेगार गवसला, असे त्यांना वाटले. न्यू ऑर्लिन्सच्या चार्ल्स कॅसेडी बास आणि फॉस्टर जॉन्स यांनी १९१५ साली यावर पुस्तकच लिहिले. हे दोघे सामान्य नव्हते. हिवतापाचा परजीवी प्रयोगशाळेत वाढवण्याचे काम त्यांनी १९१२ मध्ये केले होते. आमांशावर चालणारे एमेटीन हे औषध आता हिरड्यांच्या रुग्णांना देण्यात आले. काही वर्षांतच हा उपाय निरुपयोगी ठरून मागे पडला. अमीबा तिथे होता, पण तो मूळ कारण नव्हता.

२१/
बास यांचे पुढचे आयुष्य या कथेतील सर्वांत सुंदर भाग आहे. टुलेन विद्यापीठाच्या वैद्यकीय शाळेचे प्रमुखपद सोडल्यावर, वयाच्या पासष्टीनंतर, ते पुन्हा दातांकडे वळले. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांनी हिरडीच्या कडेचा थर तपासला आणि औषधाचा नाद सोडून ब्रश व धागा हाती घेतला. मऊ केसांचा ब्रश हिरडीच्या कडेशी ४५ अंशांत धरून हलक्या हाताने मागेपुढे हलवावा, आणि दोन दातांमध्ये नायलॉनचा धागा फिरवावा, ही त्यांची पद्धत १९५० च्या दशकात प्रसिद्ध झाली. ‘बास पद्धत’ आजही दंत महाविद्यालयांत शिकवली जाते. तरुणपणी चुकलेल्या माणसानेच उतारवयात योग्य वाट दाखवली.

२२/
तरीही पुरावा हवा होता. थरामुळे रोग होतो की रोगामुळे थर साचतो? डेन्मार्कमधील आरहूस येथे हाराल्ड लोए आणि सहकाऱ्यांनी याचे उत्तर विलक्षण साध्या रीतीने शोधले. निरोगी हिरड्यांच्या बारा जणांना दात घासणे पूर्णपणे बंद करण्यास सांगितले. १० ते २१ दिवसांत बाराही जणांच्या हिरड्या सुजल्या. ब्रश पुन्हा हाती आला आणि सुमारे आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. १९६५ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. लिंडच्या बारा खलाशांप्रमाणेच या बारा जणांनी शतकांचा वाद मिटवला.

२३/
पुढचा प्रश्न: सूज आल्यावर कोणीच काही केले नाही तर काय होते? यासाठी लोए यांनी १९७० पासून श्रीलंकेतील दोन चहामळ्यांवरील ४८० पुरुष मजुरांची पाहणी केली. या मजुरांपर्यंत दंतोपचार कधी पोहोचले नव्हते आणि दात घासण्याची चालही नव्हती. १५ वर्षांचे निष्कर्ष १९८६ साली आले. जवळजवळ सर्वांच्या हिरड्या सुजलेल्या होत्या; पण ८ टक्क्यांत नाश झपाट्याने झाला, ८१ टक्क्यांत मध्यम गतीने, आणि ११ टक्क्यांत रोग सुजेपलीकडे गेलाच नाही. वयाच्या ३५ व्या वर्षी पहिल्या गटात दाताचा आधार सरासरी सुमारे ९ मिलिमीटर तुटला होता, मधल्या गटात ४, आणि शेवटच्या गटात १ मिलिमीटरहूनही कमी.

२४/
या आकडेवारीने शास्त्राला मोठा धडा दिला: थर सर्वांनाच सूज देतो, पण हाड कोणाचे किती झिजेल, हे शरीराच्या प्रतिसादावरही अवलंबून असते. परंतु याच आकड्यांमागे माणसे आहेत. मळ्यांवरच्या गरीब मजुरांचे दात वर्षानुवर्षे सैल होत गेले आणि ते मोजले गेले. रोगाचा ‘नैसर्गिक क्रम’ पाहायचा, म्हणजे तो अडवण्याचे साधन ठाऊक असताना तो घडू द्यायचा का? हा प्रश्न या अभ्यासाला चिकटून आहे. आज जगभर पाठ्यपुस्तकांत शिकवले जाणारे ज्ञान कोणाच्या तोंडातून आले, याची जाणीव इतिहासाच्या वाचकाने ठेवली पाहिजे.

२५/
भारतात आधुनिक दंतवैद्यकाचे शिक्षण उशिरा रुजले. १९२० साली डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी कलकत्त्यात देशातील पहिले दंत महाविद्यालय स्थापन केले. मुंबईत नायर दंत महाविद्यालय १९३३ साली सुरू झाले. दंतवैद्यकाचा कायदा १९४८ साली आला. तोपर्यंत घरोघरी बाभळीची व कडुनिंबाची काडी, कोळशाची पूड, मीठ, आणि महाराष्ट्रात तंबाखू भाजून केलेली मशेरी हीच साधने होती. यांतील मशेरीने फार मोठा घात केला. ‘हिरड्या आवळतात’ या समजुतीने ती लावली जाई, प्रत्यक्षात ती व्यसन लावते, हिरड्या मागे सरकवते आणि तोंडाच्या कर्करोगाचा धोका वाढवते.

२६/
धूम्रपानाचा कावा आणखी वेगळा. धूम्रपान करणाऱ्याच्या हिरड्यांतून रक्त कमी येते, त्यामुळे त्या निरोगी भासतात. आत हाड मात्र वेगाने झिजत असते. म्हणजे धोक्याची घंटाच काढून घेतली जाते. मधुमेहाचे नाते दुहेरी आहे: नियंत्रणात नसलेला मधुमेह हिरड्यांचा रोग बळावतो, आणि हिरड्यांतील दाह रक्तातील साखर आवरणे कठीण करतो. तोंड आणि शरीर यांचा संबंध आहे, हे हंटरचे म्हणणे या अर्थी पुन्हा जिवंत झाले. फरक इतकाच की, आज त्यावर उत्तर दात उपटणे हे नाही, तर हिरडी बरी करणे हे आहे.

२७/
उपचारांचे आजचे स्वरूप पाहिले तर जुनेच हात दिसतात. दंतवैद्य बारीक खुणा असलेल्या सळईने कप्प्याची खोली मोजतो. ४ मिलिमीटर वा अधिक खोली शंकास्पद. क्ष-किरणाने हाड पाहिले जाते. मग हिरडीवरचे व हिरडीखालचे किटण काढून मुळे स्वच्छ केली जातात. खोल कप्पे उरलेच, तर हिरडी उघडून आतून सफाई करतात. त्यानंतर काही महिन्यांच्या अंतराने तपासणी चालू ठेवावी लागते, कारण थर पुन्हा साचणे थांबत नाही. प्रतिजैविके काही निवडक प्रसंगीच लागतात. खरवडण्याला ती पर्याय नाहीत.

२८/
एक समजूत महाराष्ट्रात आजही ऐकू येते: ‘दात साफ करून घेतले की ते हलायला लागतात, फटी पडतात.’ प्रत्यक्षात फट आधीच पडलेली असते. हाड झिजून हिरडी खाली सरकते आणि मोकळ्या जागेत किटण भिंतीसारखे भरते. ते काढल्यावर झिजेचे खरे रूप प्रथमच दिसते. सूज उतरल्याने हिरडीही आकसते. सफाईने दात सैल केले नाहीत. तिने फक्त सत्य उघडे केले. या एका गैरसमजापायी किती दात अकारण गेले असतील, याची मोजदाद कोणी केलेली नाही.

२९/
जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात तीव्र स्वरूपाच्या या रोगाचे १०० कोटींहून अधिक रुग्ण आहेत. त्याची लक्षणे सुश्रुताच्या काळापासून तीच आहेत: घासताना रक्त, लाल सुजलेली हिरडी, न जाणारी दुर्गंधी, लांब दिसू लागलेले दात, नव्याने पडलेल्या फटी, आणि अखेरीस हलणारा दात. रक्त दिसले की बहुतेक जण तेथे घासणे सोडून देतात. नेमकी हीच चूक थराला मोकळे रान देते. तेथे हलक्या हाताने, पण नेमाने घासावे, आणि आठवड्या-दोन आठवड्यांत रक्त थांबले नाही तर दंतवैद्याला दाखवावे.

३०/
या इतिहासाचा ताळेबंद विचित्र आहे. दोष, स्कर्व्ही, अमीबा, सर्वांगात पसरणारे विष, असे सिद्धांत आले आणि गेले. त्यांपायी रुग्णांनी दात गमावले, ट्रेंटनमध्ये प्राणही गमावले. या सगळ्या काळात दंतशंकु हाती घेतलेला वैद्य, चौदा खरवडण्या मांडून बसलेला अल-झहरावी आणि हिरडीखालचे किटण काढणारा रिग्ज योग्य तेच करीत होते. का, हे त्यांनाही पुरते ठाऊक नव्हते. ते सिद्ध झाले ते बारा जणांनी तीन आठवडे ब्रश खाली ठेवला आणि पुन्हा उचलला, तेव्हा.